स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल : कोणती घ्यावी, आणि मुळात घ्यावी का?

कुंभकोणमहून बोलतोय.

मागचे दोन भाग जुन्या बंदुकांवर झाले. त्यानंतर जे निरोप आले, त्यांत एकच प्रश्न फिरून फिरून होता. सोलापूरकडचे एक ऊस-बागायतदार विचारतात, बेळगावचे एक निवृत्त फौजी विचारतात, इंदूरचा कॉलेजातला एक मुलगा विचारतो : स्वस्तात स्वस्त बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफल कोणती? यंदाच्या पोंगलला माझा भाचा घरी आला होता. वेलचीची पूड टाकलेला गोड भात अजून पानात होता आणि त्यानं विचारलं, "मामा, बरी रायफल केवढ्याला पडेल?" त्याचं शेत इथून उत्तरेला, कोल्लिडम नदीच्या अंगाला आहे. ऊस, केळी आणि थोडं भात. नदीच्या पात्रातल्या बोरूच्या रानातून डुकरं येतात आणि एका रात्रीत अर्धा एकर ऊस लोळवून जातात. त्यामुळे तो गमतीनं विचारत नव्हता.

तेव्हा आजचा भाग मी त्याच्याशी बोलतोय असं समजा. तुम्ही ऐका. कुठं टोचलं तर कळवा.

बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. जुन्या वाड्याच्या दाराला आडवी कडी असते ना, दांडी उचलायची, मागं ओढायची, दार उघडतं. पुढं सरकवून खाली पाडली की दार बंद. रायफलीचा बोल्ट हुबेहूब तसाच. दांडी उचलून मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढं ढकलली की मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत जातं, दांडी खाली पाडली की कडी बसली. दर गोळीला हे सगळं हातानं करायचं. यात हलणारे भाग कमी, म्हणून ती बनवायला स्वस्त, चालवायला भरवशाची, आणि घाण बसली तरी फारशी कुरकुरत नाही. स्वस्त रायफल म्हटल्यावर जगभर लोक बोल्ट-अ‍ॅक्शनकडेच वळतात ते यामुळे.

आता "शिकारी" या शब्दाकडे येऊ. आपल्याकडे हा शब्द काडतुसांच्या खोक्यावर आणि म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरलाय. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूची सहावरून चारवर आल्या आणि "उपद्रवी" प्राण्यांची जी जुनी यादी होती तीही गेली; हे सगळं १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. दंडही वाढला. साध्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे रायफल विकत घेतली, परवाना खिशात आहे, डुक्कर माझ्याच शेतात आहे, तरी गोळी घातली तर मी गुन्हेगार. बंदुकीचा परवाना आणि जनावर मारायची परवानगी या दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे आलेल्या दहा निरोपांतल्या आठांत यांची गल्लत होती, म्हणून इतकं सांगतोय.

परवानगी मिळतच नाही असंही नाही. कायद्याच्या अकराव्या कलमात पीक आणि माणसं यांना धोका असेल तर वनखात्याचा अधिकारी लेखी हुकूम देऊ शकतो. पण प्रत्येक राज्याची रीत निराळी. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी शेतकऱ्यानं वनखात्याकडे अर्ज करायची पद्धत आहे. केरळनं २०२२ मध्ये पंचायतींच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचा अधिकार दिला. ते सांगतील त्या परवानाधारकानं डुक्कर मारायचं. आमच्या तमिळनाडूत २०२५ च्या जानेवारीत जे ठरलं ते वेगळंच आहे. राखीव जंगलाच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत गोळी नाही, एक ते तीन किलोमीटरच्या पट्ट्यात डुक्कर पकडून जंगलात सोडायचं, आणि तीन किलोमीटरच्या पलीकडे मारायचं तर ते वनखात्याच्या माणसांनी. शेतकऱ्यानं नव्हे. त्यामुळे भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच संपलं. त्याचं शेत कोणत्याही जंगलापासून तीन किलोमीटरहून लांब आहे. पण चाप ओढणारं बोट त्याचं नसणार.

तो म्हणाला, "ठीक आहे, पण पीकराखणीसाठी परवाना तरी मिळतो ना?"

मिळतो, आणि इथं एक गंमत आहे. १९५९ चा शस्त्र कायदा काढा आणि तेरावं कलम वाचा. पीकराखणीसाठी त्यात काय लिहिलंय? ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची ती. तेवढ्यानं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी कोणतीही गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. रायफलीचं नाव पीकराखणीच्या वाक्यात नाहीच. ती येते त्याच कलमात पुढं, रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी. पीकराखणीसाठी रायफलीचा अर्ज करता येतो, पण तो देणं-न देणं जिल्हाधिकाऱ्याच्या मर्जीवर. "द्यावाच" असा कायद्याचा आग्रह तिच्यासाठी नाही.

हे वाचून पुष्कळ लोक चिडतात. २१ व्या शतकात ठासणीची बंदूक? मीही तरुणपणी चिडलो होतो. आमच्या तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातल्या तोड्याच्या बंदुका चेन्नईला एग्मोरच्या संग्रहालयात पाहिल्या तेव्हा मनात आलं, सरकारला आपण अजून त्याच काळात राहावं असं वाटतं की काय! पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात एक साधा हिशेब होता, आणि तो हिशेब मला आमच्याच घरात एका सकाळी कळला होता. फक्त त्याचा कायद्याशी संबंध जोडायला मला वीस वर्षं लागली.

१९७१ चा डिसेंबर. मी दहा वर्षांचा. १९७२ चा कायदा अजून यायचा होता. आजोबांकडे पॉइंट ३१५ ची रायफल होती, आणि ती चालवायचे माझे थोरले काका. पहाटे धुकं होतं. उसाच्या कडेला डुक्कर निघालं, काकांनी बांधावर उभं राहून खांद्याच्या रेषेत गोळी घातली. साठ-सत्तर पावलांवर. डुक्कर जागीच कोसळलं. आम्ही पोरं ओरडत धावलो. आठच्या सुमाराला पलीकडच्या शेतातला राखणदार आला. बोलला काही नाही, हातातलं पितळेचं कुडम, म्हणजे आपली घागर, आजोबांच्या पुढं ओसरीवर ठेवली. तिच्या एका बाजूला करंगळी जाईल एवढं भोक, आणि दुसऱ्या बाजूला पितळ फाटून बाहेर आलेलं. पंपाच्या खोपटात त्याच्या उशापासून हातभर अंतरावर ती ठेवलेली होती. तिथून काका उभे होते ती जागा आजोबांनी पावलांनी मोजली. सहाशेच्या वर भरली.

गोळी डुकराच्या फासळ्यांतून आरपार गेली होती आणि तिच्यात अजून एवढा दम शिल्लक होता.

आजोबांनी राखणदाराला नवी घागर दिली, त्याच्या बायकोला साडी दिली. संध्याकाळी रायफलीचा बोल्ट काढून घेतला आणि देवघरातल्या कपाटात कुलपात ठेवला. रायफल माडीवर, बोल्ट देवघरात. ती शेतात पुन्हा गेली नाही. भोक पडलेली घागर अजून आमच्याकडे आहे. भाच्याला मी ती माडीवरून आणून दाखवली.

यातला मुद्दा नीट बघा, कारण रायफल निवडताना किंमतीच्या आधी हा येतो. रायफलीची गोळी जनावरात थांबेलच असं नाही, आणि नेम चुकला तर ती किलोमीटरांच्या हिशेबात जाते. डोंगरात हे झाकलं जातं. जिम कॉर्बेटनं कुमाऊँत, १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्यावर भेट मिळालेली .२७५ रिग्बी चालवली, तीही बोल्ट-अ‍ॅक्शनच. पण तिथं बहुतेक वेळा जनावराच्या मागं डोंगराचा उतार होता. मचाणावरून मारलेली गोळी वरून खाली जाते आणि जमिनीत रुतते. आमच्याकडे कावेरीच्या खोऱ्यात काय आहे? ताटासारखी सपाट जमीन. मैलभर आडवं काही नाही, आणि जे आहे ती खोपटी, वस्त्या, देवळं आणि रस्ते. भाताच्या खाचरात पाणी उभं असतं, आणि पाण्यावर तिरकी पडलेली गोळी बुडत नाही, तळ्यात मारलेल्या चपट्या दगडासारखी उसळी घेते. कुठं जाईल ते मारणाऱ्यालाही सांगता येत नाही. छऱ्र्यांचं तसं नाही. बारा बोअरचे बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत संपतात. मोठे त्याहून पुढं जातात, पण रायफलीच्या गोळीच्या पासंगाला नाहीत. म्हणून कायद्यानं पीकराखणीला गुळगुळीत नळी दिली. माझ्या मते ते बरोबर केलं.

आता कुणी म्हणेल, मग हा भाग इथंच बंद करा. नाही. काही जणांना वडिलांची रायफल वारशानं येते, काही जण निशाणेबाजी करतात, काहींना परवाना मिळालेला आहे आणि आता दुकानात जायचंय. त्यांच्यासाठी पुढचं.

भारतात साधी, परवडणारी मोठ्या बोअरची बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे व्यवहारात एकच : पॉइंट ३१५, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. कलकत्त्याजवळचा हा कारखाना १९०४ पासून रायफली बनवतो. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा तो कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे गेला. आमच्या शेजारचा तिरुचिरापल्लीचा कारखानाही त्याच कंपनीत.

हा ३१५ चा आकडा आला कुठून, हे ऐकण्यासारखं आहे. इंग्रजांच्या फौजेची रायफल होती .३०३. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारला भीती होती की फौजेतून चोरलेली काडतुसं लोकांच्या रायफलीत बसतील. म्हणून फौजेच्या बोअरची रायफल साध्या माणसाला बंद. मग बंदूक बनवणाऱ्यांनी युक्ती केली : रायफलीची घडण तीच ली-एनफिल्डची ठेवली आणि तिच्यात ऑस्ट्रियाच्या फौजेचं जुनं आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतूस बसवलं. नाव पडलं ३१५. इंग्रज गेले, भीती राहिली. आजही .३०३, ७.६२ आणि ९ मिलिमीटर हे निषिद्ध बोअर आहेत, आणि ऑस्ट्रियात केव्हाच अडगळीत गेलेलं ते काडतूस आपल्याकडे चालू आहे. उत्तरेत गावठी कट्टे याच बोअरचे निघतात, कारण काडतूस तेच मिळतं. त्यामुळे वर्तमानपत्रात "३१५ बोअर" हे शब्द बहुधा गुन्ह्याच्या बातमीत दिसतात. रायफलीचा त्यात दोष नाही.

रायफल म्हणून ती कशी आहे? दणकट. बोल्ट झटपट चालतो, कारण दांडी फार उचलावी लागत नाही. गोळी जड, बोथट नाकाची, वेगानं मध्यम. शंभर मीटरवर नेम बसवला तर दोनशे मीटरवर गोळी फूटभर तरी खाली लागते. म्हणजे ती जवळची रायफल आहे. कुणी तुम्हाला ३१५ वर मोठी दुर्बीण बसवून चारशे मीटरच्या गोष्टी सांगत असेल तर चहा पाजून वाटेला लावा.

.३०-०६ हा दुसरा पर्याय. सरकारी कारखान्यानं तीही काढली. वेग जास्त, गोळी सपाट जाते, पण रायफल महाग आणि काडतूसही महाग. परदेशी जुन्या रायफलींचा मोह तर धरूच नका. १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाली, तेव्हापासून देशात जेवढ्या आहेत तेवढ्याच फिरताहेत. परदेशात सेकंडहँड दुकानात कोपऱ्यात पडलेली रायफल इथं दागिन्याच्या भावानं जाते.

स्वस्त म्हणजे मग जुनी ३१५. इथं मी स्वतः फसलोय, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांची रायफल दुकानात विकायला होती. दस्ता पॉलिश केलेला, धातू काळा कुळकुळीत. मी नळीतून एकदा उजेडाकडे बघितलं, चकचकीत दिसली, घेतली. रेंजवर पन्नास मीटरवर पाच गोळ्या ताटभर जागेत विखुरल्या. माझाच हात बिघडला असं समजून दोन महिने घालवले. शेवटी एका जुन्या कारागिरानं नळीचं तोंड बोटानं चाचपलं आणि हसला. साफ करायची लोखंडी सळई वर्षानुवर्षं तोंडाकडून घालून घालून आट्यांची कड एका बाजूला झिजली होती. गोळी नळीतून निघताना शेवटी ज्या कडेला शिवते तीच वाकडी. आत कितीही चकाकी असो, उपयोग नाही.

तेव्हापासून मी जुनी रायफल बघताना आधी नळीचं तोंडच बघतो. मग बोल्टवरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर जुळतो का. ली-एनफिल्डचा बोल्ट दुसऱ्या रायफलीत बसतो, पण बसणं आणि जुळणं यात फरक आहे. बोल्टचं डोकं स्क्रूनं बसवलेलं असतं. दुसऱ्याचा बोल्ट आला की काडतुसाच्या बुडामागची मोकळी जागा बदलते. ती वाढली तर काडतूस फुगतं, फाटतं आणि तापलेला वायू तोंडाकडे येतो. हे गेजनं मोजायचं काम आहे, डोळ्यानं कळत नाही. दुकानदार "चालतंय की" म्हणाला तर कारागिराकडे न्या किंवा सोडून द्या. नंबर जुळत नसतील तर कायद्याचा घोळही आहेच, पण मला भीती डोळ्याची वाटते.

नंतर नळीच्या आत. कापडाचा बोळा घालून पुसा, मग बघा. तेल लावलेली नळी सगळ्यांचीच चमकते. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार ठेवतं. ज्यांनी गोळी मारून झाल्यावर नळी पाण्यानं धुतली नाही, त्यांच्या रायफलीत देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. आमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, बाकी वर्षभर दमट हवा, त्यात असा क्षार राहिला तर आठवड्यात गंज. थोडे खड्डे असले म्हणून रायफल टाकाऊ होत नाही, किंमत मात्र त्या मानानं पाडून मागा. दस्त्याला सांगाड्याच्या मागं बारीक भेग असते, ती बहुधा मेणानं भरलेली असते. नखानं ओढून बघा. आणि मॅगझिन भरून काडतुसं एकेक काढा. ३१५ च्या काडतुसाला बुडाला कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागं अडकली की बोल्ट पुढं जात नाही. यात दोष बहुतेक वेळा भरणाऱ्याचा असतो, पण मॅगझिनचे ओठ वाकले असतील तर ते रोज होईल.

किंमतीचा आकडा मी सांगत नाही, तो दर वर्षी बदलतो. कारखान्याचा आणि दुकानाचा दोन्ही विचारून घ्या. पण रायफलीची किंमत हा खर्चाचा एक तुकडा झाला. कुलपाचं लोखंडी कपाट लागतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला दोनच शस्त्रं. निवडणूक आली की ठाण्यात किंवा दुकानात जमा करायला सांगतात, आणि आपल्याकडे निवडणूक कधी नसते? काडतुसं वर्षाला किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. ती महाग असल्यानं लोक सराव करत नाहीत. वर्षात पाच गोळ्या मारणारा माणूस आणि त्याच्या हातात रायफल, यापेक्षा महाग काही नाही.

म्हणून ज्याला बोल्ट-अ‍ॅक्शन चालवण्याची हौस आहे, त्याला माझा सल्ला सरळ आहे : क्लबचा सभासद हो आणि पॉइंट बावीस चालव. काडतूस त्या मानानं स्वस्त, दणका जवळजवळ नाही, दिवसाला पन्नास गोळ्या सहज होतात. श्वास, चाप, माशी, सगळं हात शिकतो. तिला खेळणं समजू नका. तिची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत घातक असते. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं ते याच बोअरच्या बोल्ट-अ‍ॅक्शननं. आणि मराठी माणसाचा या खेळाशी संबंध त्याहून जुना आहे. देशाची रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकारानं. ते बडोद्यात जन्मले आणि अहमदाबादेत राहिले. गुजरातेतल्या मंडळींनी हे मला कळवायच्या आत मीच सांगून टाकतो.

अमेरिकेतून आणि न्यूझीलंडमधून लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुमच्याकडे शिकार कायदेशीर आहे, पर्याय भरपूर आहेत, आणि स्वस्त रायफल आता खरोखर चांगली मिळते. हे कसं झालं? १९५८ मध्ये सॅव्हेजची ११० आली. तिच्यात नळी एका मोठ्या नटानं आवळून बसवलेली होती. मघाशी सांगितलेली ती काडतुसामागची मोकळी जागा, जी जुळवायला कारागीर लागायचा, ती नट फिरवून जुळू लागली. १९६२ च्या रेमिंग्टन ७०० चा सांगाडा गोल, म्हणजे लेथवर भराभर निघणारा. पुढं लाकडाच्या जागी साच्यातला प्लास्टिकचा दस्ता आला. सॅव्हेज अ‍ॅक्सिस, २०१२ ची रुगर अमेरिकन या रायफली दिसायला दरिद्री, हातात पोकळ वाटतात, पण नळी उत्तम असते. तेव्हा साधी रायफल घ्या, वाचलेले पैसे दुर्बिणीत आणि काडतुसांत घाला. काडतूस तेच निवडा जे तुमच्या गावच्या दुकानात नेहमी असतं. दणक्याला घाबरून डोळे मिटत असतील तर लहान बोअर घ्या, त्यात लाज नाही. टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर मोकाट डुकरं मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. तिथं डुक्कर बाहेरून आलेलं जनावर आहे, इथं ते मूळचं आहे. त्यामुळे "तिकडे चालतं मग इकडे का नाही" हा वाद घालू नका. पण गोळीच्या मागं काय आहे, हे बघणं टेक्सासमध्येही सुटत नाही. तीही जमीन सपाट आहे.

भाच्याचं काय झालं ते सांगून थांबतो. घागर त्यानं बराच वेळ हातात फिरवली. मग म्हणाला, "मामा, आमच्या उसापलीकडे आता शाळा झालीय." रायफलीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आम्ही दोघांनी गावाच्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडे नुकसानीचा पंचनामा मागितला, वनखात्याच्या रेंजरला अर्ज दिला, पंचायत अध्यक्षाची सही घेतली. उसाच्या तीन बाजूंना त्यानं सौरऊर्जेवरचं झटका-कुंपण केलंय. त्याचं यंत्र प्रमाणित घ्यायचं, ठोका अगदी क्षणभराचा असतो. घरच्या विजेची तार शेताला गुंडाळणं हा गुन्हा आहे आणि दर वर्षी त्यानं माणसं मरतात. चौथी बाजू कालव्याची. तिथून डुकरं अजून येतात. कमी, पण येतात. परवाच पंचवीस-तीस ऊस गेले. वनखात्याची माणसं एकदा येऊन पावलं बघून गेलीत.

आजोबांची ३१५ माझ्या नावावर आहे. नियमाप्रमाणे परवानाधारक सत्तरीला आला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं की ते वारसाच्या नावे करता येतं. माझी पंचवीस होऊन गेलीत. भाच्याला विचारलं, घेतोस का? तो म्हणाला, बोल्ट तुमच्या देवघरातच राहू दे, बाकीचं नंतर बघू. नूतनीकरणाची तारीख पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे मलाच तंजावरला कलेक्टर कचेरीत जावं लागणार. तिथल्या अर्जात काय काय लिहावं लागतं आणि कुठं अडतं, ते जाऊन आल्यावर पुढच्या भागात सांगतो.